डोमेन बदलताना क्लायंटचे डीएनएस सफिक्स: पहिलं मशीन हलवायच्या आधी काय काय ठरवायचं

सोमवारी सकाळी पावणेदहाला वेंगुर्ल्याच्या गोदामातून फोन आला. "शनिवारपर्यंत उघडत होता, आज काय झाला ह्येका? बिलाचो फोल्डरच गावना नाय." आम्ही शनिवारी रात्री तिथली बारा मशीनं जुन्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (ऑफिसची मशीनं, युजर, पासवर्ड एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, तिच्यातल्या एका गटाला डोमेन म्हणतात) नव्या डोमेनमध्ये हलवली होती, लॉगिन होत होतं, मेल चालत होता, रत्नागिरीच्या ऑफिसात बसून मी स्वतः तोच फोल्डर उघडून बघितला होता आणि तो उघडला होता. काजूचा सीझन, गेटवर गाडी उभी, आणि बिल छापायचा फोल्डर गायब. तासाभराने कळलं की फोल्डर जागेवरच आहे, सर्व्हर जागेवरच आहे, फक्त त्या बारा मशीनांना आता 'फाईल१' म्हणजे कोण हेच माहीत नाहीये. सफिक्स बदलला होता आणि मी त्याचं काहीच ठरवलेलं नव्हतं.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. डोमेन मायग्रेशनवर जिथे बघाल तिथे युजर, पासवर्ड, परमिशन याचं भरपूर मिळतं, क्लायंटच्या सफिक्सचं एका ओळीत उरकलेलं असतं, आणि सोमवारचे फोन याच एका ओळीवरून येतात.

आधी सफिक्स म्हणजे काय ते नीट डोक्यात बसवूया. गावात पत्र आलं, वर नुसतं 'सावंत, खालची वाडी' एवढंच लिहिलेलं असलं तरी पोस्टमन बरोबर आणून देतो, कारण तो त्याच गावात फिरतो, पुढचं गाव-तालुका-जिल्हा तो मनातल्या मनात जोडतो. तेच पत्र दुसऱ्या तालुक्यातल्या पोस्टमनच्या हातात दिलं तर तो त्याच्याकडची खालची वाडी शोधणार, कारण खालची वाडी कोकणात गावोगाव आहे. एकतर पत्र परत जाणार किंवा भलत्याच सावंतांकडे पडणार. विंडोज मशीन तेच करतं. तुम्ही 'फाईल१' टाइप केलंत की ते त्याच्यापुढे स्वतःकडचा सफिक्स लावतं, 'फाईल१.कंपनी.लोकल' असं पूर्ण नाव बनवून डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतं. मशीन नव्या डोमेनमध्ये गेलं की मनातला पत्ता बदलतो, आता ते 'फाईल१.एडी.कंपनी.इन' विचारतं आणि तिथे त्या नावाचं कोणी राहतच नाही. (या लेखात जुनं डोमेन 'कंपनी.लोकल' आणि नवं 'एडी.कंपनी.इन' असं धरतोय, तुम्ही तुमची नावं घाला.)

मशीनवर सफिक्स तीन ठिकाणी असतो आणि सगळा गोंधळ हे तीन एकच समजल्यामुळे होतो. पहिला प्रायमरी सफिक्स, मशीनचं स्वतःचं आडनाव म्हणा, तो डोमेनबरोबर येतो. दुसरा कनेक्शनचा सफिक्स, प्रत्येक नेटवर्क कार्डाचा वेगळा, बहुतेक वेळा डीएचसीपीच्या (मशीनला आपोआप आयपी आणि नेटवर्कची सेटिंग देणारी सेवा) ऑप्शन १५ मधून आलेला. तिसरी सर्च लिस्ट, म्हणजे छोटं नाव आलं तर कुठले कुठले सफिक्स कुठल्या क्रमाने लावून बघायचे त्याची यादी. यादी कोणी दिलेलीच नसेल तर विंडोज आधी प्रायमरी लावतं, मग कनेक्शनचा लावतं, आणि डेव्होल्यूशन चालू असेल तर प्रायमरीचा पुढचा एक एक तुकडा काढून वरच्या नावाने बघतं. पण एकदा तुम्ही यादी दिलीत की विंडोज फक्त यादीच बघतं, कनेक्शनचा सफिक्स आणि डेव्होल्यूशन दोन्ही शोधण्यातून बाद. हे वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवा, कारण ऑप्शन १५ मध्ये जुना सफिक्स टाकून ठेवलाय म्हणजे झालं असं समजून बसलेले मी कितीतरी बघितलेत, आणि वरून ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधून सगळ्या मशीनांना एकदम लागू होणारी सेटिंग) यादी आलेली असते त्यामुळे त्या ऑप्शन १५ कडे शोधताना कोणी ढुंकून बघत नाही.

आता कामाला लागूया. पहिलं काम म्हणजे आज काय आहे ते बघणं. प्रत्येक शाखेतली दोन-तीन मशीनं घ्या, एखादं अकाउंटचं, एखादं गोदामाचं, एखादा फिरता लॅपटॉप, आणि 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवून वरच्या भागातला प्रायमरी सफिक्स, सर्च लिस्ट आणि खाली कार्डाखालचा सफिक्स वहीत लिहून घ्या. मग हे कुठून आलंय ते शोधा, 'जीपीरिझल्ट' मध्ये पॉलिसी दिसेल, डीएचसीपीचे स्कोप उघडून बघा, आणि काही मशीनवर कोणीतरी कधीतरी हाताने टाकलेलं सापडेल. हाताने टाकलेलं सगळ्यात त्रास देतं कारण ते मशीनबरोबर नव्या डोमेनमध्ये जातं आणि तिथे पॉलिसीने वरून यादी दिली नाही तर तेच चालू राहतं.

याच फेरीत डीएनएस सर्व्हरचे पत्तेसुद्धा बघा, हा सफिक्सचा भाग नाही पण कोकणात याच्याशिवाय पुढचं सगळं वाया. पावसाळ्यात लाइन जाते, कुठे झाड पडतं कुठे हायवेच्या खोदकामात केबल तुटते, व्हीपीएनचा टनेल (शाखेला ऑफिसशी जोडणारा इंटरनेटवरचा खाजगी रस्ता) पडतो, आणि निदान इंटरनेट तरी चालावं म्हणून कोणीतरी शाखेच्या डीएचसीपीमध्ये दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवतं. हेतू चांगला आहे पण परिणाम असा की टनेल दोन मिनिटं गचके खातो, मशीन दुसऱ्या डीएनएसकडे सरकतं, तो सरळ 'असं नाव नाही' म्हणून सांगतो आणि विंडोजच्या दृष्टीने ते पक्कं उत्तर असतं, मग टनेल परत आला तरी काही वेळ आतली नावं सापडत नाहीत. तुम्ही सफिक्स तपासत बसता आणि सफिक्स बरोबर असतो. डोमेनच्या मशीनला फक्त आतले डीएनएस द्या, शाखा मोठी असेल तर तिथे एक रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर (डोमेनच्या मुख्य सर्व्हरची फक्त वाचता येणारी प्रत) ठेवा, लहान असेल तर राउटरवरच आतल्या दोन झोनसाठी (झोन म्हणजे एका डोमेनच्या नावांची डीएनएसमधली वही) वेगळा फॉरवर्ड लावा आणि बाकीचं बाहेर जाऊ द्या.

दुसरं काम छोट्या नावांची शोधमोहीम. हे सगळ्यात वेळखाऊ आहे आणि याच्यात कंजुषी करू नका. मॅप केलेले ड्राइव्ह आणि लॉगॉन स्क्रिप्ट सगळे बघतात, पण छोटं नाव डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये असतं, टॅलीच्या डेटा पाथमध्ये असतं, ओडीबीसीच्या (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी सोय) जोडणीत असतं, एका एक्सेलमधून दुसऱ्या एक्सेलला दिलेल्या लिंकमध्ये असतं, हजेरीच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि झेरॉक्सवाल्या मोठ्या प्रिंटरच्या स्कॅन-टू-फोल्डरमध्ये तर हमखास असतं. कुडाळच्या युनिटमध्ये मला एका बाईंच्या टेबलावर काचेखाली कागद सापडला, त्यावर पेनाने चार सर्व्हरची छोटी नावं लिहिलेली, त्या रोज ती हाताने टाइप करायच्या. हे कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाही, शाखेत जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, आणि "ताई, सकाळी आल्यावर तुम्ही काय काय उघडता ते एकदा दाखवा ना" असं म्हणून मागे उभं राहून बघावं लागतं. जिथे जमेल तिथे आत्ताच छोटं नाव काढून पूर्ण नाव टाका.

तिसरं, दोन्ही बाजूच्या डीएनएसला एकमेकांचे झोन दिसले पाहिजेत. जुन्या डीएनएसवर नव्या झोनचा कंडिशनल फॉरवर्डर (त्या झोनची विचारणा तिकडच्या सर्व्हरकडे पाठवणारी सोय), नव्यावर जुन्याचा, किंवा सेकंडरी झोन, म्हणजे समोरच्या झोनची प्रत, ठेवा, शाखांची लाइन भरवशाची नसेल तर मला सेकंडरी बरा वाटतो कारण माहिती जवळच पडलेली असते. हे झाल्याशिवाय यादीत दुसरा सफिक्स घालू नका. नाव नसेल तर डीएनएस पटकन 'नाही' म्हणतो आणि मशीन पुढच्या सफिक्सवर जातं, पण झोनपर्यंत पोचताच येत नसेल तर 'नाही' सुद्धा येत नाही, मशीन वाट बघत बसतं, आणि प्रत्येक छोट्या नावाला काही सेकंद खर्च होतात. मग लोक म्हणतात नवीन डोमेन स्लो आहे.

चौथं, दोन्ही झोनची नावं काढून एकाखाली एक लावा आणि सारखी नावं शोधा. जुन्यात 'प्रिंट१' आहे आणि नव्यातही कोणीतरी उत्साहाने 'प्रिंट१' बनवलाय, तर यादीचा क्रम ठरवणार कुठला मिळायचा, आणि दोन मशीनांचा क्रम वेगळा असेल तर दोघांना दोन वेगळे प्रिंटर. नव्या झोनमध्ये नावं वेगळीच ठेवा, 'प्रिंट' ऐवजी 'प्रि' लावा, काहीही करा, पण एक छोटं नाव एका वेळी एकाच झोनमध्ये जिवंत असलं पाहिजे. याच्यात तडजोड नको.

आता मुख्य निर्णय, यादी आणि तिचा क्रम. यादी ग्रुप पॉलिसीने द्यायची. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, त्यात अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, डीएनएस क्लायंट, आणि तिथे 'डीएनएस सफिक्स सर्च लिस्ट', स्वल्पविरामाने सफिक्स लिहायचे. आणि ही पॉलिसी दोन्ही डोमेनमध्ये पाहिजे! माझी वेंगुर्ल्याची चूक नेमकी हीच, जुन्या डोमेनमध्ये यादी होती पण मशीन नव्या डोमेनमध्ये गेलं की जुन्या डोमेनची पॉलिसी त्याच्यावरून उतरते, नव्याची चढते, आणि नव्यात मी काही ठेवलंच नव्हतं. नवीन विकत घेतलेली मशीनं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून बऱ्याच ठिकाणी मशीनं बदलली जातायत, ती तर थेट नव्या डोमेनमध्येच जोडली जातात, त्यांनी जुनी पॉलिसी कधी बघितलेलीच नसते.

क्रम असा ठेवा. जुन्या डोमेनच्या पॉलिसीत आधी 'कंपनी.लोकल' मग 'एडी.कंपनी.इन', नव्या डोमेनच्या पॉलिसीत आधी 'एडी.कंपनी.इन' मग 'कंपनी.लोकल'. सर्व्हर साधारण शेवटी हलतात, तोपर्यंत हललेल्या मशीनांना जुना सफिक्स मागे लागतोच, आणि न हललेल्या मशीनांना नव्या बाजूला गेलेला एखादा सर्व्हर सापडण्यासाठी नवा लागतो. दोनच ठेवा, फार तर तीन. कोणी म्हणेल शाखेनिहाय सफिक्स घालू, पाच-सहा होतील, तर नको, चुकलेल्या प्रत्येक नावाला तेवढ्या फेऱ्या त्या व्हीपीएनवरून होणार. आणि जो सफिक्स तुमच्या मालकीचा नाही तो यादीत कधीच नको. कितीतरी कंपन्यांनी आतलं डोमेन नुसतं 'कॉर्प' ठेवलं होतं, त्यांचे लॅपटॉप बाहेर गेले की आतल्या नावांची विचारणा इंटरनेटवरच्या खऱ्या कॉर्प.कॉमकडे जायची, शेवटी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेनच विकत घेतलं. नवं नाव निवडायचं राहिलं असेल तर स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनच्या खाली एक तुकडा घ्या. 'लोकल' परत नको, २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय शेजारच्या मशीनांनाच नाव विचारायची पद्धत) राखून ठेवलंय आणि मॅक, प्रिंटर वगैरे त्याच्यावरून वेगळेच वागतात.

पॉलिसी आधी लावा, मशीन नंतर हलवा, मध्ये किमान आठवडा जाऊ द्या. पॉलिसी दर दीड तासाने आणि वर अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने ताजी होते पण फिरतीवरचा लॅपटॉप ऑफिसात कधी येतो त्यावर सगळं आहे. पोचली की नाही ते पॉवरशेलमध्ये 'गेट-डीएनएसक्लायंटग्लोबलसेटिंग' ने बघा.

प्रायमरी सफिक्सचं एक टिकमार्क आहे, ते तपासायचं राहून जातं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये कॉम्प्युटरचं नाव बदलायच्या खिडकीत 'मोअर' दाबलं की दिसतं, डोमेन बदललं की प्रायमरी सफिक्सपण बदल असा त्याचा अर्थ, आणि ते मुळात टिक केलेलंच असतं. रजिस्ट्रीत टीसीपीआयपीच्या पॅरामीटर्सखाली 'सिंकडोमेनविथमेंबरशिप' ही व्हॅल्यू १ असते ती हीच. कोणी कधी ते काढलं असेल किंवा जुन्या पॉलिसीत प्रायमरी सफिक्स ठोकून दिला असेल तर मशीन नव्या डोमेनमध्ये जाईल पण आडनाव जुनंच लावेल. मग त्याला डोमेनमधल्या स्वतःच्या खात्यावर होस्टनेम लिहायची परवानगी मिळत नाही, एसपीएन (कुठली सेवा कुठल्या खात्याची ते सांगणारी नोंद) अर्धवट राहतात, आणि डोकेदुखी सुरू. मुद्दाम वेगळा सफिक्स ठेवायचाच असेल तर नव्या डोमेनवर 'एमएसडीएस-अलाउडडीएनएससफिक्सेस' मध्ये तो नोंदवावा लागतो. मी तरी ठेवणार नाही, कारण एका वेगळेपणासाठी पुढची दहा वर्षं प्रत्येक नव्या माणसाला समजावत बसायचं.

हलवायच्या दिवशी आणि नंतर सगळ्यात जास्त घोळ जुन्या रेकॉर्डचा होतो. मशीन नव्या झोनमध्ये स्वतःची नोंद करतं पण जुन्या झोनमधली नोंद तशीच पडून राहते. स्कॅव्हेंजिंग (शिळ्या नोंदी आपोआप साफ करणं) चालू असलं तरी नेहमीच्या सेटिंगला सात अधिक सात दिवस जातात, आणि बऱ्याच ठिकाणी ते चालूच नसतं. चिपळूणला खेर्डीच्या युनिटमध्ये झालेलं सांगतो. लेबल छापायचा प्रिंटर ज्या मशीनला जोडलेला आणि शेअर केलेला होता ते हलवलं, रीस्टार्टला त्याला नवा आयपी मिळाला, आणि जुना १९२.१६८.१२.५७ दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका लॅपटॉपला गेला. न हललेली मशीनं आधी जुना सफिक्स लावून त्या नावाने विचारत होती, जुना झोन इमानदारीत ५७ सांगत होता, आणि लेबलचे जॉब त्या लॅपटॉपच्या दारावर जाऊन आपटत होते. पिंगला उत्तर येत होतं म्हणून नेटवर्क ठीक आहे असं सगळे म्हणत होते. म्हणून मशीन हललं की त्याच रात्री जुन्या झोनमधलं त्याचं रेकॉर्ड हाताने किंवा स्क्रिप्टने काढा. आयपीवरून नाव सांगणारा रिव्हर्स झोनपण बघा, तिथे जुनं पीटीआर, म्हणजे तिथली नोंद, जुन्या खात्याच्या मालकीचं असतं आणि सिक्युअर अपडेट असेल तर नव्या खात्याला त्याच्यावर लिहिता येत नाही.

सर्व्हर हलला तर जुन्या झोनमध्ये त्याच्या जागी नव्या पूर्ण नावाकडे बोट दाखवणारं सीनेम ठेवता येतं, जुनं पूर्ण नाव टाइप करणाऱ्यांची सोय होते. पण फाईल शेअरिंगला नुसतं सीनेम नेहमी पुरत नाही, केर्बेरॉसला (डोमेनमधली तिकीट देऊन ओळख पटवायची पद्धत) त्या टोपणनावाचं एसपीएन लागतं, ते आधी एका मशीनवर करून बघा. आणि एक लक्षात असू द्या की नाव सापडलं म्हणजे काम झालं असं नसतं. दोन वेगळ्या फॉरेस्टमध्ये (एकमेकांपासून स्वतंत्र अॅक्टिव्ह डिरेक्टरी) ट्रस्ट, म्हणजे एकमेकांचे युजर मानायचा करार, असला तरी छोट्या नावाचं केर्बेरॉस तिकीट पलीकडून मिळेलच असं नाही, मग मशीन एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर उतरतं आणि एनटीएलएम बंद केलेलं असेल तर दार बंद. जुन्या डोमेनमध्ये त्याच नावाचं खातं जिवंत राहिलं असेल तर 'टार्गेट अकाउंट नेम चुकीचं आहे' अशी एरर येते, तेव्हा सफिक्स सोडा आणि जुनं खातं बघा. पूर्ण नावं वापरायचा आग्रह मी याच्यासाठी धरतोय.

चाचणी कुठून करता याला फार महत्त्व आहे. मी रत्नागिरीच्या ऑफिसातून बघितलं आणि फसलो, का, तर एकाच सबनेटवर, म्हणजे एकाच स्थानिक नेटवर्कच्या तुकड्यात, असलं की डीएनएसमध्ये नाव नाही मिळालं तरी विंडोज एलएलएमएनआर आणि नेटबायोसने ओरडून विचारतं आणि शेजारचा सर्व्हर 'मी इथे' म्हणतो. ती हाक व्हीपीएनपलीकडे वेंगुर्ल्याला पोचत नाही. तेव्हा चाचणी लांबच्या शाखेतूनच करा. आधी 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस', मग 'रिझॉल्व्ह-डीएनएसनेम' ला छोटं नाव द्या, उत्तरात कुठल्या सफिक्सने नाव मिळालं ते वाचा, मग फोल्डर उघडा, मग खरं एक बिल छापा. एनएसलुकअपवर (डीएनएसला नाव विचारायची जुनी कमांड) विसंबू नका, ते विंडोजचा नेहमीचा रिझॉल्व्हर वापरत नाही आणि पूर्ण नावाच्या मागेपण सफिक्स चिकटवत बसतं, वापरायचंच असेल तर नावाच्या शेवटी टिंब द्या.

विंडोज नसलेली मंडळी वेगळी धरा. एनएएस (नेटवर्कला जोडलेली स्टोरेजची पेटी), स्कॅनर, लिनक्सवरचं हजेरीचं मशीन यांना ग्रुप पॉलिसी काय कळणार. लिनक्सला सर्च लिस्ट डीएचसीपीच्या ऑप्शन ११९ मधून देता येते, जुनं विंडोज मात्र हे ऑप्शन घेतच नाही. स्कॅनरच्या वेब पानावर जाऊन सफिक्स बदलण्यापेक्षा तिथे सर्व्हरचं पूर्ण नावच टाका.

तारखा ठरवताना इकडचं कॅलेंडर बघा. मार्च ते मे आंबा-काजू, तेव्हा गोदामाला हात लावू नका. गणपतीत अर्धं ऑफिस गावी आणि उरलेलं गाडीच्या तिकिटात. जून-जुलैत लाइनचा भरवसा नाही, डोमेन जोडताना मध्येच टनेल पडला तर मशीन ना इकडचं ना तिकडचं. दिवाळीनंतर ते जानेवारी हा काळ मला बरा पडतो, त्यातही महिन्याची ११ आणि २० तारीख, जीएसटीआर-१ आणि ३बी च्या, सोडून.

राहिलं जुना सफिक्स काढणं. सगळी मशीनं आणि सर्व्हर हलले की लगेच काढू नका. जुन्या झोनवर येणाऱ्या विचारणा डीएनएसच्या डीबग लॉगमध्ये बघत राहा, कुठला आयपी अजून कुठलं नाव विचारतोय ते तिथे सरळ दिसतं, त्या माणसाकडे जाऊन शॉर्टकट बदलून या. किमान एक महिनाअखेर आणि जमलं तर ३१ मार्चसुद्धा जाऊ द्या, वर्षातून एकदाच उघडणाऱ्या फाइली तेव्हाच बाहेर येतात. मग नव्या पॉलिसीतून 'कंपनी.लोकल' काढा पण झोन आणि फॉरवर्डर अजून महिनाभर तसेच ठेवा, म्हणजे कोणाचा फोन आला तर पॉलिसीत एक शब्द परत टाकला की काम चालू. आमच्याकडे काढल्यावर एकच फोन आला, कुडाळहून, त्या काचेखालच्या कागदाच्या ताईंचा. त्यांना नवीन कागद पूर्ण नावांसह टाइप करून, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिला, आणि पुढच्या महिन्यात झोन काढून टाकला.